शून्य मान्य नाही

“अजून वर, मामा, अजून वर!” रेवा ओरडत होती आणि धनराजदादा तिला खांद्यावर घेऊन बँडच्या पुढ्यात नाचत होता.

पिंपळगावच्या लॉन्सच्या कमानीपाशी मिरवणूक अडली होती. गोरज मुहूर्ताची वेळ होत आली होती. गुरुजींचे निरोपावर निरोप येत होते, पण नवरदेवाचे मित्र जागचे हलायला तयार नव्हते. नवरदेव म्हणजे माझा मामेभाऊ प्रतीक. घोड्यावर बसून तोही बसल्या जागी खांदे उडवत होता. बँड, मंडप, आचारी सगळं दादाने ठरवलं होतं, त्यामुळे दादाचा रुबाब नवरदेवापेक्षा जास्त.

माझं लक्ष नाचात नव्हतं. रेवाचा तोल, दादाचे पाय, जनरेटरची रस्त्यावर लोळणारी वायर, घोड्याच्या मागच्या टाचा, हे सगळं मी एकाच वेळी बघत होते. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात रेवाच्या चपला. आई झाल्यापासून मला लग्नात दुसरं काही दिसलेलं नाही.

दादाने खिशातून नोट काढली आणि रेवाच्या डोक्याभोवती तीनदा फिरवली. ही आमच्याकडची रीत. नवरदेवावरून नोट ओवाळतात, नाचणाऱ्यावरून ओवाळतात, लेकरावरून तर हमखास. मग ती वाजवणाऱ्याच्या हातात द्यायची. लेकराची दृष्ट उतरते म्हणतात. वाजवणाऱ्याने ती नाकारायची नसते. नाकारली तर पीडा लेकरावरच राहते, असं मोठी माणसं सांगतात.

बँडच्या म्हाताऱ्या मास्तरांनी सवयीने हात पुढे केला. दादाने तो हात ओलांडला. मागच्या रांगेत ट्रम्पेटवाले होते. दादा रेवाला घेऊन नाचत नाचत त्यांच्यातल्या तिसऱ्यासमोर जाऊन उभा राहिला.

लाल कोट, खांद्यावर सोनेरी झुबके, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. मला त्या माणसाचा चेहरा दिसला नाही. बूट दिसले. सगळ्या वाजवणाऱ्यांच्या पायात पांढरे कॅनव्हासचे बूट होते, याच्या पायात कंपनीतले काळे, जाड टाचेचे सेफ्टी शूज. ते बूट लग्नानंतरची सगळी वर्षं रोज संध्याकाळी माझ्या दारात निघत होते.

बँडच्या आवाजात रेवाचा आवाज बुडाला, पण तिचं तोंड मी पाहिलं. “पप्पा!”

ट्रम्पेटचा एक सूर तुटला. टोपी वर झाली. दादाने नोट त्याच्या नाकाखाली धरली.

“घे की बँडवाल्या! लेकराची दृष्ट आहे. घे!”

जयेशने नोट घेतली. रेवाचा पाय त्याच्या तोंडासमोर लोंबकळत होता. त्या पायाला त्याने बोटं लावली, ती कपाळाला टेकवली आणि ट्रम्पेट पुन्हा ओठांना लावलं.

मी घोळक्यातून पुढे घुसले आणि रेवाला दादाच्या खांद्यावरून ओढूनच घेतलं.

“मम्मा, पप्पा आहेत ते. लाल कोट घातलाय.”

“हो.”

“त्यांना जेवायला बोलव ना.”

मी तिला चपला घातल्या आणि मंडपात नेलं.

*

जयेश भामरे आणि मी वेगळे झालो ते मारझोडीने नाही. भामऱ्यांच्या घरात काही वाईट घडलं की दार लोटून घ्यायची पद्धत होती, आणि मला बंद दाराआड श्वास घेता येत नाही. आधी दिराचं कर्ज लपवलं, मग सासऱ्यांचं दुखणं. शेवटी काय काय लपवायचं याची यादी इतकी लांबली की घरात बोलायला विषयच उरला नाही. कोर्टाने रेवा माझ्याकडे ठेवली, तिच्यासाठी दरमहा पोटगी ठरवली आणि रविवार बापाला दिले. जयेश अंबडच्या एका कंपनीत सुपरवायझर होता. पैसे वेळेवर यायचे, तो त्याहून वेळेवर यायचा.

मग कंपनीने आपलं बिऱ्हाड दुसऱ्या राज्यात हलवलं आणि इथल्या माणसांना हिशेब देऊन मोकळं केलं. हे मला बाहेरून कळलं. जयेश महिनाभर डबा घेऊन घरातून निघत होता आणि कुठल्या तरी बागेत बसून संध्याकाळी परतत होता. पुढे पोटगी थांबली आणि कोर्टात त्याचा अर्ज आला: नोकरी गेली आहे, कुठलंही काम नाही, उत्पन्न शून्य, पोटगी रद्द करावी. खाली शपथ आणि सही.

नोकरी गेलेल्या माणसावर मी चिडले नाही. पण ‘शून्य’ हा शब्द मी तीनदा वाचला. मी शाळेत तात्पुरत्या जागेवर शिकवत होते. दर जूनमध्ये नवीन नेमणूक, तोवर जीव टांगणीला. रात्रंदिवस मनात आकडेमोड चाललेली असायची: रेवाची व्हॅन, रेवाचा डॉक्टर, पुढच्या वर्षीचं दप्तर. दादाच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही मायलेकी राहत होतो. दादा भाडं घेत नसे. हे तो बोलून दाखवत नसे, वहिनी दाखवायची.

दादा वाईट नव्हता, हे इथेच सांगते. रेवाला न्यूमोनिया झाला तेव्हा दवाखान्याच्या बाकड्यावर माझ्या शेजारी तोच बसून होता. पण दादा प्लॉटची दलाली करायचा. कुठलीही गोष्ट त्याच्या हातात आली की तो आधी तिची चतुःसीमा बघायचा आणि मग तिचा सौदा करायचा.

पंगती चालू असतानाच त्याने मला मंडपामागे पाण्याच्या टाकीपाशी बोलावलं. चेहरा खुललेला.

“सापडला गं शरू! शपथेवर लिहितो उत्पन्न शून्य आणि इथे नोटा गोळा करतो. संजूने शूटिंग घेतलंय.”

संजू हा दादाचा मित्र, प्रत्येक सौद्यात सावलीसारखा. दादाने मोबाईलवर व्हिडिओ लावला, बोटाने पुढे सरकवला आणि मधूनच दाखवला. लाल कोट. नोट. जयेशचा हात. मग लगेच बंद.

“मंगळवारी समुपदेशक बाईंकडे तारीख आहे ना? हा दाखवायचा आणि विचारायचं, खोट्या शपथेबद्दल आत जातो का सही करतो?”

“सही कशावर?”

“पोटगी आम्हाला नको, पोरगी तुला नको. रविवारचं येणं बंद, कायमचं. पुण्याचे देवरे काय म्हणाले आठवतंय ना? मुलगी चालेल. मुलीचा बाप दर रविवारी दारात उभा, हे नाही चालायचं.”

“मी देवऱ्यांना हो म्हटलेलं नाही, दादा.”

“म्हणशील. आयुष्य काढायचंय. वरच्या मजल्यावर म्हातारी होणार आहेस का?”

मी रेवाकडे बघितलं. ती पंगतीत बसून जिलबीने हात चिकट करून घेत होती आणि शेजारच्या बाईला सांगत होती, माझे पप्पा बँडमध्ये आहेत. ती बाई माझ्याकडे बघून हसत होती, ते हसू मला आवडलं नाही.

“व्हिडिओ मला पाठव,” मी म्हटलं.

“घे. पण कुणाला फॉरवर्ड करू नको. हुकमाचा पत्ता आहे तो.”

*

दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना मी कानात इअरफोन घातले आणि तो व्हिडिओ पहिल्यापासून बघितला. दादा सगळ्यांना मधूनच दाखवत होता. मी पहिल्यापासून लावला, आवाज मोठा करून. संपला तेव्हा पुन्हा लावला. मग मोबाईल ओच्यात टाकला आणि उरलेले कपडे झटकून दोरीवर घातले.

रेवा पायरीवर बसली होती. “मम्मा, मामी म्हणाली पप्पा बँडवाले झाले. वाईट असतं का ते?”

“तुला कसं वाटलं?”

तिने विचार केला. “मोठ्ठा आवाज. पण मला बघून थांबला.”

“कोण थांबला?”

“आवाज.”

मग ती चिमट्यांची आगगाडी करायला लागली. मी दादाशी काही बोलले नाही. सोमवारी त्याने विचारलं, “ठरलं ना?” मी म्हटलं, “तू चल माझ्याबरोबर.” त्याला वाटलं, ठरलं.

*

कोर्टातल्या समुपदेशक कुलथे मॅडमची खोली लहान होती. टेबल, चार खुर्च्या, कोपऱ्यात लहान मुलांसाठी ठेवलेली एक चाक तुटलेली गाडी. नियमाने आत आम्ही दोघंच जायचं. पण जयेशच्या आईला चक्कर येते म्हणून त्या आत आल्या, आणि त्या आल्या म्हणून दादा आला. मॅडमनी चष्म्यावरून चौघांकडे बघितलं.

“मी न्यायाधीश नाही. तुमचं इथे जमलं तर लिहून वर पाठवते, नाही जमलं तर वर जाऊन भांडा. भामरे, बोला. काम मिळालं का काही?”

जयेश टेबलाच्या कडेकडे बघत होता. ओठांवर मधोमध ट्रम्पेटचा गोल, लालसर वळ. मॅडमना तो कळायचं कारण नव्हतं. “नाही, मॅडम. सध्या काही नाही.”

“काहीच नाही?”

“घरीच आहे हो पोरगा,” मम्मी म्हणाल्या. मी अजूनही त्यांना मम्मीच म्हणत होते. दुसरं काय म्हणायचं ते कोर्टाने सांगितलं नव्हतं. “चांगला सुपरवायझर माणूस. आता कुठल्याही टपरीवर तर उभा राहणार नाही ना? त्यात आमची प्राजू उजवायची आहे. धुळ्याचं स्थळ आलंय, मोठं घर आहे. सगळं एकदम आलं बघा.”

“घरीच आहे का?” दादा खुर्चीतून पुढे सरकला. “मॅडम, जरा हे बघा.”

त्याने मोबाईल टेबलावर ठेवला आणि बोटाने सरकवून नेमक्या जागी आणला. छोट्या पडद्यावर लाल कोट, नोट, जयेशचा हात. मॅडमनी बघितलं. मम्मींनी बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

“हौस म्हणून गेला असेल. शाळेत बँडपथकात होता ना तो, बक्षिसं आहेत घरी. मित्राचा बँड असेल...”

“मम्मी, राहू दे,” जयेश म्हणाला.

“अरे, काय राहू दे? सांग की हौस म्हणून!”

“शपथेवर खोटं लिहिलंय तुम्ही, भामरे,” मॅडम हळू म्हणाल्या. “हे साधं नाही.”

“तेच सांगतो मी,” दादाने शर्टच्या खिशातून टाइप केलेला कागद काढला आणि घडी मोडून जयेशसमोर ठेवला. “पण आम्हाला कुणाला आत घालायची हौस नाही. इथे सही कर. पोटगी आम्ही सोडली, मुलीवरचा हक्क तू सोडलास. व्हिडिओ मी इथल्या इथे पुसतो. धुळ्याला काय, तुमच्या सिन्नरलाही कळायचं नाही.”

मम्मींनी कागदाकडे बघितलं, मग पोराकडे.

“कर सही,” त्या म्हणाल्या. “सुटशील एकदाचा. पोर तिच्या आईजवळ सुखात आहे. मोठी झाली की येईल आपणहून. रक्त कुठे जातं?”

जयेशने कागद जवळ ओढला. मॅडमच्या टेबलावरचं पेन उचललं. पेनाचं टोपण काढलं. माझ्याकडे त्याने एकदाही बघितलं नाही.

“थांब,” मी म्हटलं. “मॅडम, व्हिडिओ पहिल्यापासून लावा.”

दादाचा हात मोबाईलकडे गेला. “पहिलं काही नाही गं, नुसता रस्ता आहे.”

“असू दे. रस्ताच बघू. आवाज मोठा करा.”

दादाच्या हाताआधी मॅडमचा हात पोचला. त्यांनी व्हिडिओ सुरुवातीला नेला. पडद्यावर खरंच रिकामा रस्ता होता, कमान होती, लांबून बँड ऐकू येत होता. आणि अगदी जवळून दादाचा आवाज:

“चालू केलास का, संजू? हां. वळणावर आले की धर. पुढचा म्हातारा नाही, मागच्या रांगेतला तिसरा. ओझरच्या लग्नात बघून ठेवलाय मी. मी रेवाला खांद्यावर घेतो. बापाला बघून ती ओरडेल, तेव्हा तिचं तोंड नीट घे. मग नोट घेताना त्याचं.”

संजूचा आवाज: “आणि नोट घेतलीच नाही तर?”

“घेईल रे. पोरीवरून ओवाळलेली असेल. नाही कसा म्हणेल?”

मॅडमनी व्हिडिओ थांबवला. जयेशचं पेन कागदावर टेकलं होतं तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला.

“म्हणजे त्या लग्नाची सुपारी,” तो म्हणाला, “मला बघूनच दिलीस तू?”

दादा म्हणाला, “बँड चांगला होता.” मग ते किती वेडगळ वाटलं हे त्याचं त्यालाच कळलं. “शरू, हे तुझ्यासाठी केलंय मी. दुसऱ्या कुणासाठी नाही.”

“माझ्यासाठी माझ्या पोरीला गळाला लावलंस? ती ‘अजून वर, अजून वर’ म्हणत होती, दादा. तिला वाटलं मामा नाचवतोय.”

“तिला काय कळतंय? पाच वर्षांची पोर.”

“तिला एवढं कळलं की तिला बघून वाजवणं थांबलं. मला सांगितलं तिने.”

जयेशने मान वर केली. मला त्याची दया आली नाही. राग आला होता तो एकट्या दादावर नव्हता.

“आणि तू,” मी म्हटलं. “तू पेन उचललंस.”

“शर्वरी, खोट्या शपथेची भानगड आहे ही. आत टाकतील...”

“त्या भीतीने नाही उचललंस. धुळ्याच्या सोयरिकीत बँडवाला निघू नये म्हणून उचललंस. बेकार बसलेला भाऊ चालतो. शपथेवर खोटं बोललेला चालतो. पोटची पोर लिहून दिलेली तर कुणाला कळणारही नाही. वाजवणारा तेवढा चालत नाही, असंच ना?”

“आमच्या सात पिढ्यांत कुणी वाजवलं नाही!” मम्मींनी खुर्चीच्या दांड्यावर हात आपटला. चक्कर कुठल्या कुठे गेली होती.

“नसेल वाजवलं, मम्मी. पोरंही कुणी टाकली नसतील.”

“बघा हो मॅडम, कशी बोलते! कॉलेज शिकलेल्या सुना.”

“मी सून नाही आता,” मी म्हटलं. “म्हणूनच बोलता येतंय.”

मॅडमच्या ओठाचा कोपरा हलला. त्यांनी दादाचा टाइप केलेला कागद उचलला, वाचला.

“हा कुठल्या वकिलाने केला?”

“वकील नाही. मित्र आहे आपला,” दादा म्हणाला. “कोर्टाबाहेर झेरॉक्सचं दुकान आहे त्याचं. रोज असले कागद बघतो तो.”

“त्याला सांगा, झेरॉक्सच काढ.” त्यांनी कागद घडी घालून परत केला. “पोटगी मुलीची आहे. ती आईला सोडून देता येत नाही आणि मामाला तर नाहीच. ताई, तुम्हाला काय हवंय? तुमच्या तोंडून सांगा.”

मी काय सांगायचं ते घरून ठरवून आले होते, पण ते सगळं विसरले. समोर दादा होता, त्याच्या घराचा वरचा मजला होता, जूनची नेमणूक होती. तरी बोलले.

“त्याची नोकरी गेली हे खरं आहे. मला ते मान्य आहे. आधीएवढे पैसे मी मागत नाही. निम्मे करा, त्याहून कमी करा, त्याच्या कामाप्रमाणे ठरवा. पण शून्य मान्य नाही. शून्यावर सही करणारा बाप रेवाला नको, आणि शून्य घेऊन गप्प बसणारी आई मी नाही. आणि रविवार तो बुडवायचा नाही. लग्नाची तिथी असेल तर दुसरा वार सांगायचा, पण बुडवायचा नाही.”

“भामरे?”

जयेशने पेनाला टोपण लावलं. मम्मींनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. “जयू, प्राजूचा विचार कर रे.” त्याने तो हात काढला. झटकला नाही, उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला.

“मागचं प्रतिज्ञापत्र मागे घ्यायचं असेल तर?”

“खरं लिहून नवीन द्यायचं. न्यायाधीश बोलतील, ते उभं राहून ऐकून घ्यायचं. दंड सांगितला तर भरायचा. मी माझ्या अहवालात लिहीन की इथे आपणहून कबूल केलं.” मॅडमनी नवा कागद पुढे ओढला. “व्यवसाय?”

तो काहीतरी पुटपुटला.

“ऐकू नाही आलं.”

“वादक, मॅडम. ट्रम्पेट वाजवतो. लग्नसराईत रोज असतं. पावसाळ्यात लग्नं नसतात, तेव्हा...” तो थांबला. “तेव्हा एका वर्कशॉपमध्ये लेथवर बोलावतात. रोजंदारीने. मी जात नव्हतो.”

“का?”

“सुपरवायझर होतो ना.” तो स्वतःशीच हसल्यासारखा झाला. “जाईन.”

मॅडम लिहीत राहिल्या. सराईतला एक आकडा ठरला, पावसाळ्यातला दुसरा, दोन्ही आधीपेक्षा कितीतरी लहान. जयेश आणखी थोडं कमी करा म्हणाला, मी नाही म्हटलं. मी थोडं वाढवा म्हटलं, तो नाही म्हणाला. कित्येक वर्षांनी प्रथमच आम्ही दोघं समोरासमोर बसून उघड भांडत होतो, आणि दार लोटलेलं नव्हतं. बाहेर बाकावर बसलेले लोक माना वाकवून ऐकत होते. ऐकू देत, मला वाटलं.

*

व्हरांड्यात आलो तेव्हा दादा खांबाला टेकून उभा होता. त्याच्या हातात गाडीची किल्ली होती आणि तो ती मुठीत दाबत होता.

“काय मिळालं तुला?” तो म्हणाला. “चिल्लर. देवरे गेले, माझा शब्द गेला, आणि सगळ्यांसमोर मला नागडं केलंस. चिल्लरसाठी.”

“मला न विचारता शब्द दिला होतास तू.”

“बरं. मग आजपासून तुझं तू बघ.”

“बघते. महिनाअखेर वरचा मजला मोकळा करते.”

त्याला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं. तोंडातून निघून गेलं. पण शब्द मागे घेतला नाही. दादा वळला आणि झपझप पायऱ्या उतरून गेला. खाली गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं. त्यानंतर दोन दिवाळ्या आम्ही बोललो नाही. आता बोलतो. रेवाच्या वाढदिवसाला तो येतो, केक आणतो. तिला खांद्यावर घ्यायचं वय तर कधीच गेलं.

मम्मी बाकावर बसून वारा घेत होत्या. मी पुढून जाताना म्हणाल्या, “प्राजूचं मोडलं ना, तर तुझ्या माथी येईल ते. लक्षात ठेव.”

मी थांबले. “मम्मी, प्राजूच्या लग्नात बँड लावणार ना?”

“म्हणजे काय? लावणारच! एकुलती एक लेक आहे माझी. चांगला मोठा लावणार.”

बोलून झालं आणि त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. मी पुढे गेले.

जयेश जिन्यापाशी उभा होता. घड्याळ बघत होता. आपल्याला आभार मानायचे आहेत की भांडायचं आहे, हे त्याचं ठरत नव्हतं. त्याने दोन्हींपैकी काहीच केलं नाही.

“जातो,” तो म्हणाला. “चारला चांदोरीत मिरवणूक आहे.”

आवाज त्याने मुद्दाम चढवला नव्हता. नेहमीच्या आवाजात बोलला, एवढंच. पण व्हरांडा गच्च भरलेला होता आणि तो आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. काळ्या कोटातले एक जाडजूड वकील बगलेतली फाइल सावरत वळले.

“कोणता बँड हो तुमचा? आमच्या पुतणीचं लग्न आहे वैशाखात. सगळे बँड बुक झाले म्हणतात.”

मम्मींनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. जयेशने एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग शर्टच्या खिशात हात घातला, मास्तरांचं एक दुमडलेलं कार्ड काढलं, अंगठ्याने सरळ केलं आणि वकिलांच्या हातात दिलं.

“मास्तरांना फोन करा,” तो म्हणाला. “म्हणावं, ट्रम्पेटला जयेश भामरेच पाहिजे.”